पहिल्या कम्युनियनची तयारी घरी: कोणत्या क्रमाने करायची आणि नेमकं कुठे चुकतं

वसईच्या पट्ट्यात, आणि वसई सोडून मुंबई-पुणे-नाशिकला गेलेल्या आपल्या घरांतही, पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मुलाने चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) घेण्याची, तयारी बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. आधी हॉल, मग ड्रेस, मग फोटोग्राफर, मग प्रार्थनांची घोकंपट्टी. शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं की पापनिवेदनही (फादरांसमोर आपली पापं कबूल करणं) आहे. त्या दिवशी मूल देखणं दिसतं आणि पुढच्या रविवारी घरी झोपलेलं असतं.

मी आई आहे आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही मदत करते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला दिसतात. वर्गात आठवड्याला जेमतेम पाऊण-एक तास मिळतो. तेवढ्यात सिस्टर किंवा शिक्षिका प्रार्थना पाठ करून घेऊ शकतात, सवय लावू शकत नाहीत. चर्चचा कायदाही ही जबाबदारी आधी आईवडिलांवर टाकतो आणि मग धर्मगुरूंवर. म्हणून हा लेख वर्गात काय शिकवतात याबद्दल नाही, घरी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, याबद्दल आहे.

## १. कागद आणि तारखा (साधारण वर्षभर आधी)

वर्ग कोणत्या इयत्तेत सुरू होतो, किती महिने चालतो, गैरहजेरी किती चालते, हे प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या कुटुंबांच्या समाजात) वेगळं असतं. मावशीच्या धर्मग्रामात तिसरीत झालं म्हणून तुमच्याकडेही तिसरीतच होईल असं धरून चालू नका. ऑफिसात जाऊन विचारा आणि ही कामं उरकून घ्या:

- मुलाच्या स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला. जिथे स्नानसंस्कार झाला त्याच चर्चमधून तो मिळतो. आपल्याकडे पुष्कळ मुलांचा स्नानसंस्कार आईच्या माहेरी झालेला असतो आणि कुटुंब राहतं भलतीकडेच. सुट्टीत माहेरी जाल तेव्हाच दाखला आणा.
- राहत्या धर्मग्रामात कुटुंबाची नोंद. ती नसेल तर आधी ती.
- वर्ग एकीकडे आणि समारंभ गावच्या चर्चमध्ये करायचा असेल तर दोन्हीकडच्या फादरांशी आत्ताच बोला. पत्रं लागतात, आणि ती आदल्या आठवड्यात मागणाऱ्या पालकांचं ऑफिसात कसं स्वागत होतं ते मी पाहिलं आहे.

तपासा: दाखल्यावरचं नाव आणि आडनावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळतं का? आपल्या आडनावांची स्पेलिंगं घरटी बदलतात. पुढे दृढीकरण (कम्युनियननंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि लग्न यांच्या नोंदी याच स्नानसंस्काराच्या नोंदवहीत समासात होतात. दुरुस्ती आता सोपी आहे, पंचविसाव्या वर्षी लग्नाच्या धावपळीत नाही.

सावधान: मुलाचा स्नानसंस्कारच झालेला नसेल (मिश्रविवाहाच्या घरांत हे होतं) तर ते लपवू नका, शेवटपर्यंत ठेवू नका. सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलासाठी पद्धत तान्ह्या बाळासारखी नसते. त्याला वेगळी तयारी आणि वेळ लागतो.

## २. आधी रविवार पक्का करा

बाकी सगळं सोडून पहिले दोन-तीन महिने फक्त एवढंच केलंत तरी चालेल: दर रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), पूर्ण, वेळेवर. ज्या मुलाला मिस्सा माहीत नाही त्याला ख्रिस्तप्रसादाबद्दल शिकवणं म्हणजे पाणी न पाहिलेल्याला पोहायला शिकवणं.

बसायची जागा महत्त्वाची. आपण मुलं कुरकुरतील म्हणून मागे, दाराजवळ बसतो. तिथून त्यांना मोठ्या माणसांच्या पाठी दिसतात, आणि पाठी पाहून कुणीही कुरकुरेल. वेदी दिसेल अशा ठिकाणी, दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर, कडेला बसा. वाचनांच्या भागात कुजबुजायचं नाही. फादर वेदीकडे गेले की एखादं वाक्य कानात सांगायचं: ‘आता बघ, भाकर आणि द्राक्षारस आणतायत.’ ‘आता घंटा वाजेल.’ एका रविवारी एकच गोष्ट दाखवा. हळूहळू त्याला कळतं की पहिला भाग ऐकण्याचा आहे आणि दुसरा वेदीवरचा, आणि दोन्हींमध्ये लोक कधी उभे राहतात, कधी गुडघे टेकतात.

घरी परतताना एकच प्रश्न विचारा: ‘आज फादरांनी कोणती गोष्ट वाचली?’ उत्तर आलं नाही तर रागवायचं नाही, आपण सांगायची. (आपल्यालाही आठवत नसेल तर तोच आपल्यासाठी धडा. हे माझ्या ओळखीच्या प्रत्येक आईच्या बाबतीत घडलेलं आहे.)

फुटबॉल, पोहणं, स्कॉलरशिपचे सराव पेपर: सगळ्यांना रविवारची सकाळच हवी असते. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी ग्राह्य धरली जाते, त्यामुळे खरोखर अडचण असेल तेव्हा तो मार्ग आहे. मात्र अडचण आली की पहिला बळी नेहमी मिस्सेचा आणि ट्यूशनचा कधीच नाही, असं झालं तर मूल क्रमवारी शिकतं. ती त्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पालकांसाठी अवघड भाग: तुम्ही स्वतः ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जाता का, हे मूल बघतं. बरीच वर्षं पापनिवेदन केलेलं नसेल तर मुलाच्या आधी आपण करून घ्या. लग्न चर्चमध्ये झालेलं नसल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने अडचण असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच फादरांना एकांतात भेटा. कधी प्रश्न सुटण्यासारखा असतो, कधी नसतो. पण ‘आई का जात नाही?’ याचं साधं, खरं उत्तर मुलाला समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा मिळू नये.

## ३. घरची प्रार्थना, आणि ती कोणत्या भाषेत

वसईतलं कितीतरी मूल घरी कादोडी किंवा वाडवळी बोलतं, शाळेत इंग्रजी शिकतं आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी ऐकतं. तिन्ही भाषांत त्याला थोडं थोडं येतं आणि देवनागरी वाचताना अडखळायला होतं. मग आई मोबाइलवर मराठी प्रार्थना इंग्रजी अक्षरांत टाइप करून देते. हा शॉर्टकट घेऊ नका. मूल उच्चार पाठ करतं आणि अर्थ गळून पडतो.

भाषा आधी ठरवा. तुमचं कुटुंब ज्या भाषेतल्या मिस्सेला जातं त्या भाषेत प्रार्थना शिकवा, म्हणजे चर्चमध्ये त्याला इतरांबरोबर म्हणता येतील. पापनिवेदन मात्र मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत करू द्या. फादरांना ती येते का, हे आधी विचारून ठेवा.

शिकवायचा क्रम: क्रूसाची खूण, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, ‘नमो मरिया’, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याची स्तुती, पश्चात्तापाची प्रार्थना, आणि सगळ्यात शेवटी मतांगीकार (श्रद्धेची कबुली). मतांगीकार लांब आहे, त्यात अवघड शब्द आहेत. तो घाईने डोक्यात कोंबला की मूल बाकीच्यांनाही कंटाळतं. रोज एकच ओळ घ्या आणि ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. ‘आमची रोजची भाकर’ला माझ्या मुलाने विचारलं होतं, ‘पण आपण तर चपाती खातो.’ असा प्रश्न आला की समजायचं, मूल नुसतं पाठ करत नाही, ऐकतंय.

वेळ किती? विरार लोकलमधून रात्री साडेआठला घरी आलेल्या आईला कुणी अर्ध्या तासाची कौटुंबिक प्रार्थना सांगू नये. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर, टीव्ही बंद, सगळे उभे, सात-आठ मिनिटं. एक शिकलेली प्रार्थना, मग मुलाने स्वतःच्या शब्दांत आज कशाबद्दल आभार मानायचे ते, मग एक आजारी किंवा अडचणीतलं माणूस नावाने. ऑक्टोबरमध्ये रोझरीचं (जपमाळेच्या प्रार्थनेचं) पूर्ण मंडळ जमत नसेल तर एक दशक, म्हणजे दहा नमो मरिया, म्हणा, पण रोज. घरात आजी असेल तर तिच्या हातात हे सोपवा. बहुतेक आज्या हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात आणि आयांपेक्षा कमी ओरडतात.

सावधान: प्रार्थना शिक्षा म्हणून देऊ नका. ‘भावाला मारलंस, आता दहा नमो मरिया म्हण’ असं घरी झालं की फादरांनी पुढे दिलेलं प्रायश्चित्तही त्याला छडीच वाटेल.

## ४. धड्यांआधी गोष्टी

धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली प्रश्नोत्तरं वर्गात होतात. घरी बायबलमधल्या सहा गोष्टी पुरतात. या क्रमाने घ्या आणि एकेका गोष्टीला एक-दोन आठवडे द्या:

१. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला मुलगा (योहान ६). मुलांना हा मुलगा लगेच आपला वाटतो.
२. झाडावर चढलेला जक्कय (लूक १९).
३. उधळ्या पुत्र (लूक १५). ही पापनिवेदनाची गोष्ट आहे. पुढच्या टप्प्यात पुन्हा लागेल, म्हणून नीट मुरू द्या.
४. शेवटचं भोजन (लूक २२).
५. एम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य (लूक २४). भाकर मोडताना त्यांनी येशूला ओळखलं.
६. कफर्णहूमचा रोमी शताधिपती (मत्तय ८). ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही, असं आपण सगळे म्हणतो, ते या माणसाचे शब्द आहेत. हे कळल्यावर मूल मिस्सेत ते वाक्य येण्याची वाट बघतं.

गोष्ट तुम्ही सांगा, वाचून दाखवू नका. दुसऱ्या दिवशी ती मुलाकडून ऐका.

मग येतो खरा विषय: ख्रिस्तप्रसाद म्हणजे काय. इथे पालक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, ‘ती येशूची आठवण आहे.’ ते अपुरं आहे, कॅथलिक श्रद्धा तेवढ्यावर थांबत नाही. दुसरे रक्तमांसाचं असं वर्णन करतात की मूल घाबरतं. साधं सांगा: दिसायला आणि चवीला भाकरच राहते, पण मिस्सेत येशूच्या शब्दांनी आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने ती आता भाकर राहिलेली नसते, येशू स्वतः असतो. मग प्रश्न येतील. ‘चावलं तर त्याला दुखेल?’ नाही, तो पुनरुत्थित आहे, त्याला आता दुखत नाही, चावून खाल्लं तरी चालतं. ‘छोटा तुकडा मिळाला तर येशू अर्धाच मिळतो?’ नाही, कितीही छोट्या तुकड्यात तो पूर्ण असतो.

संतांपैकी कुणी जोडायचा तर आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेतच. १५९७ साली नागासाकीत ते हुतात्मा झाले. कॉम्प्युटरवेड्या मुलासाठी संत कार्लो अकुतिस. १९९१ साली जन्मलेला, वयाच्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा मुलगा ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची वेबसाइट बनवत होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी तो संत म्हणून घोषित झाला. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या संताचा फोटो पाहून मुलं जे थबकतात, त्याचा उपयोग करून घ्या.

तपासा: १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सातावर आणलं. ज्ञानाची मोठी परीक्षा त्यांनी ठेवली नाही. श्रद्धेच्या अगदी मूळ गोष्टी वयाप्रमाणे माहीत असाव्यात आणि साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद यातला फरक मुलाला कळावा. तुमच्या मुलाला विचारा: ‘आपण नाश्त्याला पाव खातो आणि चर्चमध्ये हे घेतो, फरक काय?’ उत्तर त्याच्या स्वतःच्या शब्दांत आलं तर पुढे जा. पुस्तकातलं वाक्य आलं तर आणखी थोडे दिवस इथेच थांबा.

## ५. पहिलं पापनिवेदन

पहिलं पापनिवेदन कम्युनियनच्या आधी व्हावं लागतं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि त्यातला बहुतेक आपण मोठ्यांनी घातलेला असतो.

आधी पाप म्हणजे काय ते निवडून घ्या. मुलांच्या पहिल्या यादीत पापं फार कमी असतात. वर्गात आत्मपरीक्षणाचा सराव घेताना मुलं मोठ्याने सांगतात (सरावात स्वतःचं नाही, ‘एखादं मूल काय सांगेल’ ते विचारायचं), तेव्हा हमखास येतं: गणितात कमी मार्क, दूध सांडणं, गादी ओली करणं, डब्यातली भाजी उरवणं. यातलं एकही पाप नाही. मार्क कमी पडणं पाप आहे असं मुलाला वाटत असेल तर ते कुठून आलं याचा विचार घरात करावा. आणखी एक ठरलेलं वाक्य: ‘मी मिस्सेला गेलो नाही.’ आठ वर्षांचं मूल स्वतः रिक्षा करून चर्चला जात नाही. तुम्ही नेलं नाही तर ते त्याचं पाप नाही.

तीन प्रश्नांची चाळणी लावा: ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं का? मी मुद्दाम केलं का? न करणं माझ्या हातात होतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर बोलायचं. चेंडू लागून काच फुटली, तो अपघात. ‘मी नाही फोडली, तिने फोडली’ असं सांगून बहिणीला मार खायला लावला, ते पाप.

आत्मपरीक्षण घरी, पण एकट्याने. दहा आज्ञांची मोठ्यांची यादी हातात देऊ नका, त्यातल्या काही आज्ञांवर नको ते प्रश्न येतात. या वयाला चार-पाच प्रश्न पुरतात: देवाशी बोलायला टाळलं का? आईबाबा, आजी-आजोबांशी उद्धट वागलो का? कुणाला मारलं, चिडवलं, खेळात मुद्दाम वगळलं का? खोटं बोललो का? दुसऱ्याचं न विचारता घेतलं का? मूल शांत बसेल अशी जागा द्या आणि खोलीतून बाहेर जा. लिहून काढायचं असेल तर लिहू दे, पण तो कागद तुम्ही वाचायचा नाही. नंतर त्यानेच फाडायचा.

क्रम पाठ करून घ्या. आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरांना सांगणं, दिलेलं प्रायश्चित्त करणं. घरी एकदोनदा नाटक करा: बाबा फादर होतील, मूल येईल, क्रूसाची खूण करेल, ‘फादर, मला आशीर्वाद द्या, हे माझं पहिलं पापनिवेदन आहे’ म्हणेल. नाटकात पापं खोटी वापरा, शक्यतो हास्यास्पद. ‘मी शेजाऱ्यांचा हत्ती चोरला’ असं म्हणून मूल हसलं की भीती निम्मी जाते. खरी पापं त्याच्याकडून बाबांसमोर वदवून घेऊ नका.

हे सांगायला विसरू नका: फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत. आईला नाही, सिस्टरना नाही, पोलिसांना नाही, कधीच नाही. सांगायला एखादी गोष्ट विसरली तर क्षमा झालेलीच असते, पुढच्या वेळी आठवली तर सांगायची. प्रार्थना मध्येच विसरली तर फादर मदत करतात, त्यात नापास होण्यासारखं काही नाही.

सावधान, पालकांसाठी:

- ‘काय सांगितलंस?’ हा प्रश्न बाहेर आल्यावर विचारायचा नाही. गमतीतही नाही, आजीनेही नाही, नंतर कधीच नाही. ‘प्रायश्चित्त काय दिलं?’ हाही तोच प्रश्न आहे, फक्त मागच्या दाराने.
- ‘थांब, पापनिवेदनात हे फादरांना सांग म्हणजे कळेल’ अशी धमकी वर्षभर देऊ नका.
- मुलाच्या वतीने यादी करून देऊ नका. ती तुमच्या तक्रारींची यादी होते.
- मुलांचं पापनिवेदन चर्चमध्ये सगळ्यांना दिसेल अशा उघड्या जागी व्हावं. तुम्ही असं बसा की मूल दिसेल पण ऐकू येणार नाही. तशी व्यवस्था नसेल तर आधीच, संकोच न करता विचारा.

बाहेर आल्यावर प्रायश्चित्ताची प्रार्थना लगेच, तिथेच बाकावर करू दे. मग आइस्क्रीम. हे मी गंभीरपणे सांगते आहे. उधळ्या पुत्राचा बाप मेजवानी देतो, हे त्याला गोष्टीतून माहीत आहे.

## ६. होस्ट हातात कसा घ्यायचा

शेवटच्या महिन्यात वर्गात हा सराव होतो, पण घरीही हात धरून दाखवावा लागतो. पवित्रीकरण न झालेले काही होस्ट (ख्रिस्तप्रसादासाठीच्या भाकरीच्या पातळ चकत्या) फादरांकडून किंवा सिस्टरांकडून मागून घ्या. काही मुलांना ती कागदासारखी, टाळूला चिकटणारी चव अजिबात आवडत नाही. समारंभात सगळ्यांसमोर तोंड वेडंवाकडं होण्यापेक्षा घरी झालेलं बरं. नंतर त्याला स्पष्ट सांगा की हा सरावाचा आहे, खरा ख्रिस्तप्रसाद नाही.

- हातावर घ्यायचा तर उजवा हात खाली, त्यावर डावा तळहात, सपाट आणि वर उचललेला. लिहिताना डावखुरा असेल तर उलट.
- फादर ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात, उत्तर ‘आमेन’, ऐकू येईल असं. घाबरलेलं मूल ‘थँक यू’ म्हणतं, म्हणून सराव.
- फादरांच्या बोटांतून चिमटीने उचलायचा नाही.
- एक पाऊल बाजूला, तिथेच वेदीकडे तोंड करून लगेच तोंडात. हातात धरून जागेवर चालत जायचं नाही.
- जिभेवर घ्यायचा तर तोंड पुरेसं उघडायचं आणि जीभ थोडी बाहेर. तुमच्या धर्मग्रामात त्या दिवशी कोणती पद्धत आहे ते आधी विचारा.
- पडला तर हात लावायचा नाही, तिथेच थांबायचं. फादर बघतील.

गव्हाचा त्रास असलेली मुलं: ग्लुटेन पूर्ण काढलेला होस्ट चर्चच्या नियमात बसत नाही, पण अगदी कमी ग्लुटेनचा बसतो, आणि तोही चालत नसेल तर मुलाला फक्त द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो. दोन्हींसाठी फादरांना काही आठवडे आधी सांगावं लागतं. डॉक्टरांना विचारून ठरवा, गर्दीत कानात सांगून हे होत नाही. तोंडात काही चिकट गेलं की अस्वस्थ होणाऱ्या मुलासाठी छोटासा तुकडा मागता येतो.

उपवास: ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी एक तास. मिस्सा सुरू होण्याच्या आधी एक तास नव्हे. पाणी आणि औषध चालतं. काही घरांत आजही मुलाला रात्रीपासून उपाशी ठेवतात आणि ते रांगेत चक्कर येऊन पडतं. सकाळी लवकर नाश्ता द्या.

## ७. कपडे, पाहुणे, जेवण

यावर मी मुद्दाम थोडकं लिहिते. काही धर्मग्रामांत सगळ्या मुलांना एकसारखा साधा पांढरा झगा असतो. माझं मत विचाराल तर सगळीकडे तसाच असावा, कारण बारशापासून चाललेली घराघरांतली स्पर्धा एक दिवस तरी थांबते. तोपर्यंत: ड्रेस घालून मूल गुडघे टेकू शकतं का, पायऱ्या चढू शकतं का, ते आधी बघा. बूट महिनाभर आधी घ्या आणि घरात वापरू द्या.

सावधान: मुलींच्या डोक्यावरची नायलॉनची जाळीदार व्हेल (ओढणी) आणि पेटलेली मेणबत्ती हे एकत्र धोक्याचं आहे. ओळीत पुढच्या मुलीची व्हेल मागच्याच्या मेणबत्तीला लागायला वेळ लागत नाही. व्हेल खांद्यांपर्यंतच ठेवा, मुलांत अंतर ठेवायला सांगा, मोठं माणूस जवळ असू द्या.

पाहुण्यांत हिंदू शेजारी, शाळेतले मित्र, मिश्रविवाहातलं बाबांचं घर असतं. रांग लागली की प्रसाद समजून तेही प्रेमाने हात पुढे करतात. त्यांचा काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. निमंत्रण देतानाच साध्या शब्दांत सांगा की ख्रिस्तप्रसाद कॅथलिकच घेतात आणि त्या वेळी बसून राहण्यात काही अवमान नाही. बाबा ख्रिस्ती नसतील तर त्यांना कोपऱ्यात ठेवू नका. गोष्टी सांगणं, सराव घेणं, मुलाला वर्गाला सोडणं, त्या दिवशी बाकावर शेजारी बसणं, हे सगळं ते करू शकतात आणि पुष्कळ बाबा मनापासून करतात.

जेवण घरीच, किंवा हॉल असेल तर छोटा. आठ वर्षांच्या मुलाच्या समारंभात दारूची टेबलं कशाला लागतात, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

## ८. त्या दिवशी

आदल्या रात्री लवकर झोप. सकाळी नाश्ता. घरातून निघण्याआधी तसबिरीसमोर आईबाबांनी मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करायची. पार्लर, फोटो, नातेवाइकांचे फोन यात हे दोन मिनिटांचं काम हमखास राहून जातं, म्हणून वेळ ठरवून ठेवा.

चर्चमध्ये मोबाइल बंद. फोटोग्राफर एक असेल आणि तो फादरांना विचारून उभा असेल. मूल हात पुढे करतं त्या क्षणी समोरून काकाचा मोबाइल आला की मूल काकाकडे बघतं. काकांना आधी सांगून ठेवा.

जागेवर परतल्यावर काय करायचं, ते मुलाला ठाऊक असू द्या. बहुतेक मुलं इथे रिकामी असतात आणि आईला शोधत मान वळवतात. तीन गोष्टी शिकवून ठेवा: येशूचे आभार मानायचे, एका माणसासाठी मागायचं, मग गप्प बसायचं.

## ९. पुढचे महिने

बहुतेक तयारी इथे कोलमडते. मूल कम्युनियननंतर वर्गातून गायब होतं आणि दृढीकरणाच्या फॉर्मच्या वेळी उंच होऊन परत येतं. म्हणून समारंभाच्या आधीच या तारखा कॅलेंडरवर टाका: लगेचचा पुढचा रविवार (पाहुणे अजून घरात असले तरी), महिन्याभरातलं दुसरं पापनिवेदन, आणि धर्मशिक्षणाच्या पुढच्या वर्गाची नोंदणी. दुसरं पापनिवेदन पहिल्यापेक्षा अवघड जातं, कारण आता सराव नाही, सिस्टर शेजारी नाहीत आणि आइस्क्रीमचं आश्वासनही नाही. तिथे तुम्ही स्वतः रांगेत त्याच्या पुढे उभे राहा.

भेट म्हणून आलेल्या पाकिटांतला काही भाग मुलाने स्वतः ठरवून कुणाला तरी द्यावा, असं आम्ही वर्गात सुचवतो. रक्कम त्याची, निर्णय त्याचा. आईने फक्त सोबत जायचं.

ऑफिसात कम्युनियनची नोंद झाल्याची खात्री करा, दाखला देत असतील तर घ्या, आणि स्नानसंस्काराच्या दाखल्यासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. फाइल कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवा.